रक्त पाड्यावरचं, प्रश्न कुणाचा?

खान्देशातल्या डोंगरपाड्यांवर रक्त तपासायला माणसं येतात, याचं आता कुणाला नवल वाटत नाही. धडगाव-अक्कलकुव्यात येतात, तळोदा-नवापुरात येतात, धुळे जिल्ह्यात साक्री-शिरपूरकडे आणि जळगाव जिल्ह्यात चोपडा-यावलच्या डोंगरपट्ट्यातही येतात. कधी सरकारची मोहीम असते, कधी कुणाची पीएच.डी., कधी दूरच्या एखाद्या संस्थेचा प्रकल्प. भिल्ल, पावरा, कोकणा, मावची बायामाणसं बोट पुढे करतात, पोरांना मांडीवर घट्ट धरून बसतात, कागदावर अंगठा उमटवतात. खान्देशातल्या सिकलसेलबद्दल, रक्ताच्या या आनुवंशिक आजाराबद्दल, जे काही आज छापून आलेलं आहे, ते या माणसांच्या रक्तातून निघालेलं आहे. पण अभ्यासाचा प्रश्न कोणता असावा, मोजायचं काय, निकाल आधी कुणाला कळवायचा, हे ठरतं त्या खोलीत त्यांच्यातलं कुणी सहसा नसतं.

ते असायला हवं, आणि सही घ्यायच्या दिवशी बोलावून चालणार नाही. प्रश्न ठरतो त्या दिवशी ते तिथे बसलेले हवेत. हा माझा मुद्दा आहे आणि तो मी भूतदया म्हणून मांडत नाही. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना विचारल्याशिवाय केलेलं संशोधन बऱ्याचदा अर्धवट होतं.

साक्री तालुक्यातल्या एका वस्तीवर एका बाईने माझ्यापुढे कॅरीबॅग उलटी केली होती. दोन मुलांचे सगळे कागद त्यात होते. सिव्हिलचे केसपेपर, हिमोग्लोबिनचे रिपोर्ट, रक्ताची पिशवी चढवल्याच्या नोंदी, शिबिरात मिळालेलं कार्ड. घड्यांवर फाटलेले, कडा मऊ पडलेल्या, एकावर हळदीचा डाग. तिला वाचता येत नाही, पण कुठला कागद थोरल्याचा आणि कुठला धाकटीचा हे ती हातात घेताच सांगत होती. त्यातच एका अभ्यासाच्या संमतिपत्राची प्रत होती, चार पानी, बारीक टायपातली. त्या अभ्यासाचं पुढे काय झालं, असं मी विचारलं. ती म्हणाली, ‘रगत लई ग्यात, पन काय निंघनं ते कोनी सांगं नही.’

हा आजार विज्ञानाला अनोळखी असता तर गोष्ट वेगळी होती. सिकलसेलइतका नीट उलगडलेला आनुवंशिक आजार क्वचितच असेल. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींची नोंद केली. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. एखाद्या आजाराचं मूळ थेट एका रेणूत सापडल्याचं ते पहिलं उदाहरण. पुढे १९५० च्या दशकात व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो दोष नेमका कुठे आहे ते शोधलं: बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं, एवढाच फरक. भारतात नीलगिरीच्या आदिवासींमध्ये तो १९५२ साली नोंदवला गेला. म्हणजे सत्तरपेक्षा जास्त वर्षं आपल्याला ठाऊक आहे की आई-वडील दोघेही वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसून दोषाचं एक जनुक बाळगणारे, असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते.

रेणू कळला म्हणून माणूस कळतो असं मात्र नाही. याच पॉलिंगनी १९६८ साली लिहिलं की सिकलसेलचं जनुक वाहणाऱ्या प्रत्येक तरुण व्यक्तीच्या कपाळावर गोंदवून खूण करावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडायचे टळतील. दोन नोबेल पारितोषिकं मिळवलेला आणि जगाच्या शांततेसाठी झटलेला हा माणूस होता. हेतू वाईट नव्हता. पण कपाळावर खूण घेऊन बाजारात, शाळेत, लग्नघरात वावरायचं म्हणजे काय, हे ज्याला सांगता आलं असतं असं कुणी हे लिहिताना त्यांच्या शेजारी बसलेलं नव्हतं.

आता आपल्याकडचा एक प्रश्न घेतो. नंदुरबार जिल्ह्यातली हजारो कुटुंबं दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. पहाटेच्या थंडीत फडात उतरायचं, उन्हात राबायचं, पाणी मिळेल तेव्हा प्यायचं, रात्री पालात झोपायचं. सिकलसेलच्या रुग्णाला जे जे टाळायला सांगतात ते सगळं इथे एकत्र येतं: थंडी, पाण्याची कमतरता, अंगमोड कष्ट. याच गोष्टींनी पेशी वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, सांध्यांत, छातीत कळा सुरू होतात. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीने हे झटके कमी होतात, हे १९९५ सालच्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासापासून सिद्ध आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी मुलांमध्ये वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅम अशी कमी आणि ठराविक मात्रा वापरून पाहिली, तिचाही चांगला उपयोग दिसला. आपल्या भागातल्या डॉक्टरांनी आपल्या मुलांसाठी प्रश्न विचारला की असं उत्तर मिळतं.

पण ही गोळी सुरू केल्यावर रक्तातल्या पेशींचं प्रमाण ठरावीक काळाने तपासावं लागतं. मग कोयता घेऊन चार-पाच महिने बारडोलीकडच्या फडात असलेल्या माणसाने काय करायचं? एकदम किती दिवसांच्या गोळ्या बरोबर देणं सुरक्षित आहे? पेशींची तपासणी फडाजवळच्या दवाखान्यात झाली तर तिचा निकाल इकडच्या डॉक्टरपर्यंत कसा यावा? दुखणं उठलं तर मुकादमाला काय सांगायचं, म्हणजे मजुरीही बुडणार नाही आणि उचलही अंगावर येणार नाही? धडगावच्या कुठल्याही रुग्णाच्या घरी तासभर बसलं तर हे प्रश्न आपोआप कानावर पडतात. संशोधनाच्या प्रस्तावात ते येत नाहीत, कारण प्रस्ताव लिहिणारा फडावर गेलेला नसतो. होतं काय, की पाठपुराव्याला हिवाळ्यात माणसं घरी सापडत नाहीत. अहवालात त्यांची नोंद ‘संपर्क तुटलेले’ अशी होते आणि वाचणाऱ्याला वाटतं, लोकांनाच आपल्या तब्येतीची पर्वा नाही.

मोजायचं काय, हा याहून नाजूक विषय आहे. २०१९ साली अमेरिकेत व्होक्सेलोटर नावाच्या औषधाला झटपट मार्गाने मान्यता मिळाली. आधार कशाचा होता, तर औषधाने हिमोग्लोबिन वाढतं, याचा. हिमोग्लोबिन मोजायला सोपं, आकडा स्वच्छ येतो. रुग्णाचं दुखणं त्याच प्रमाणात कमी होतं का, हे त्या आकड्यातून कळत नव्हतं. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये, एकंदर फायद्यापेक्षा धोका जास्त दिसतो म्हणून, कंपनीने ते औषध जगभरातून काढून घेतलं. एखाद्या आईला विचारा, तुझ्या मुलात काय बदल झाला म्हणजे औषध लागू पडलं म्हणशील? ती म्हणेल, रात्री रडत उठला नाही म्हणजे, आश्रमशाळेतून सारखा घरी पाठवला नाही म्हणजे, दिवसभर बकऱ्यांमागे फिरून आला म्हणजे. या गोष्टी मोजता येतात. त्यासाठी त्या कुणीतरी आधी सांगाव्या लागतात आणि दुसऱ्या कुणीतरी लिहून घ्याव्या लागतात.

रुग्णांच्या घरच्यांनी संशोधनात हात घातला की काय घडतं, याची उदाहरणं जगात आहेत. दोन एकमेकांशेजारी ठेवण्यासारखी आहेत. कॅनाव्हान हा लहान मुलांच्या मेंदूचा जीवघेणा आनुवंशिक आजार. १९८७ साली अमेरिकेतले डॅनिअल ग्रीनबर्ग, ज्यांच्या घरात हा आजार होता, एका संशोधकाकडे गेले. त्यांनी आणि त्यांच्यासारख्या इतर पालकांनी मुलांच्या रक्ताचे, ऊतींचे नमुने दिले, पैसे उभे केले, इतर कुटुंबं शोधून दिली. १९९३ साली जनुक सापडलं. त्यावर ज्या रुग्णालयात ते काम झालं त्याने पेटंट घेतलं आणि तपासणीवर शुल्क लावलं. ज्या पालकांच्या मुलांच्या शरीरातून तो शोध निघाला, त्यांनाच आणि त्यांच्यासारख्यांना आता तपासणीसाठी त्या पेटंटाच्या अटी पाळाव्या लागणार होत्या. पालक कोर्टात गेले. २००३ साली फ्लोरिडातल्या कोर्टाने त्यांचे बहुतेक दावे फेटाळले. दुसऱ्याच्या श्रमावर अनुचित लाभ घेतल्याचा एक मुद्दा तेवढा टिकला आणि पुढे तडजोड झाली. पालकांनी विश्वास ठेवला होता, पण सुरुवातीला काही लिहून घेतलं नव्हतं.

दुसरं उदाहरण शेरॉन आणि पॅट्रिक टेरी यांचं. १९९४ साली त्यांच्या दोन्ही मुलांना पीएक्सई नावाचा, त्वचा आणि डोळे बिघडवणारा आनुवंशिक आजार असल्याचं कळलं. दोघांनाही जनुकशास्त्राचं शिक्षण नव्हतं. निरनिराळे संशोधक येऊन मुलांचं रक्त पुन्हा पुन्हा मागू लागले आणि एकमेकांना नमुने द्यायला तयार होईनात, तेव्हा या दांपत्याने रुग्णांची संस्था काढली आणि नमुन्यांची पेढी स्वतःच्या ताब्यात ठेवली. ज्याला नमुने हवेत त्याने संस्थेच्या अटी मान्य करायच्या, निष्कर्ष वाटून घ्यायचे. २००० साली जनुक सापडलं आणि त्याच्या पेटंटावर शोधकर्ती म्हणून शेरॉन टेरी यांचंही नाव लागलं. तपासणी स्वस्त आणि खुली राहावी हा निर्णय त्यांना घेता आला, कारण किल्ली त्यांच्या हातात होती.

आदिवासी समाजासाठी तिसरी एक घटना या दोन्हींपेक्षा जवळची आहे. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनच्या तळाशी हवासुपाई नावाचा लहानसा समाज राहतो. त्यांच्यात मधुमेह फार. १९९० पासून ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी त्यांचं रक्त घेतलं. त्याच विद्यापीठात शिकणारी त्या समाजातली एक तरुणी २००३ साली एका प्रबंधाच्या सादरीकरणाला जाऊन बसली आणि तिच्या लक्षात आलं की आपल्या लोकांचं रक्त भलत्याच कामांना वापरलं गेलंय: स्किझोफ्रेनियाच्या अभ्यासाला, आपसातल्या लग्नांच्या अभ्यासाला, हा समाज मुळात कुठून आला या शोधाला. आपण याच दरीत जन्मलो अशी ज्यांची श्रद्धा, त्यांच्याच रक्तातून त्या श्रद्धेविरुद्ध पुरावा काढायचा आणि त्यांना विचारायचंही नाही. खटला झाला. २०१० साली विद्यापीठाने सात लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने परत केले. समाजातली माणसं ते आणायला स्वतः गेली होती.

आपल्याकडे यातलं काही घडू नये असं वाटत असेल तर विचार आत्ताच व्हायला हवा. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल इथे पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. २०४७ पर्यंत आजार हटवायचा, त्यासाठी चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची, असं उद्दिष्ट आहे. अभियान गरजेचंच आहे. आदिवासी कार्य मंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे अनुसूचित जमातींत जन्मणाऱ्या दर ८६ बाळांमागे एकाला हा आजार असतो. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यातली जवळपास ६९ टक्के वस्ती अनुसूचित जमातींची होती, त्यामुळे इथे या अभियानाचं वजन किती हे वेगळं सांगायला नको. पण एवढ्या तपासण्यांतून माहितीचा डोंगर उभा राहणार आहे. ती माहिती कुणाची, कशासाठी, किती काळ आणि कुणाच्या परवानगीने वापरायची, हे पाड्यावरच्या माणसाशी बोलून ठरलेलं मला तरी कुठे दिसत नाही.

वाहकांचा प्रश्नही यातच येतो. वाहक आजारी नसतो, त्याच्या जगण्यात सहसा काही अडत नाही. अमेरिकेत १९७० च्या सुमारास अनेक राज्यांनी सिकलसेलची तपासणी सक्तीची केली, समजावून सांगण्याची व्यवस्था मात्र केली नाही. परिणामी निरोगी वाहकांना नोकऱ्या नाकारल्या गेल्या, विम्याचे हप्ते वाढवले गेले. १९७२ च्या संघराज्य कायद्यात तपासणी ऐच्छिक असण्याची अट घालावी लागली. आपल्या गावात नोकरी-विम्याआधी सोयरीक अडते. मुलीचा ‘एएस’, म्हणजे वाहक असल्याचा, रिपोर्ट आशाताईच्या वहीतून शेजारणीपर्यंत आणि तिथून आठवडे बाजारापर्यंत गेला की मुलीकडेच बोट दाखवलं जातं. मुलगा वाहक असला तर त्याची चर्चा तितकी होत नाही. निकाल कसा द्यावा, कुणासमोर द्यावा, आधी दोघांपैकी कुणाला द्यावा, हे ज्या मुलींनी हे सोसलंय त्यांच्याइतकं चांगलं कुणीही सांगू शकणार नाही. समुपदेशनाची पुस्तिका लिहिणाऱ्या समितीत अशा दोन मुली असल्या तर ती पुस्तिका वेगळी होईल, पावरी आणि भिलोरीत होईल, आणि तिच्यात सासूशी कसं बोलावं याचंही एक पान असेल.

यावर ठरलेली उत्तरं मला ऐकू येतात. लोक अशिक्षित आहेत, त्यांना जनुकशास्त्र काय कळणार, हे पहिलं. मुलाच्या पोटात डाव्या बाजूला हात लावून पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढली की नाही ते ओळखणाऱ्या आया मी पाहिल्यात. डॉक्टरांनी एकदा दाखवलं होतं, तेवढ्यावर त्या शिकल्या. ग्लुटामिक आम्लावर मत द्या असं त्यांना कुणी म्हणत नाही. त्यांना त्यांच्या आयुष्याबद्दल विचारायचं आहे आणि त्यात त्या निष्णात आहेत. बडव्याकडे, म्हणजे पाड्यावरच्या वैदू-भगताकडे, जातात, दवाखान्यात येत नाहीत, हे दुसरं. बडव्याकडे जातात हे खरं, पण बडवा रात्री दोनलाही दार उघडतो आणि पावरीत बोलतो. त्याला बरोबर घेऊन झटक्याची लक्षणं लवकर ओळखता येतील का, हाही संशोधनाचा चांगला विषय आहे. वेळ जातो, निधीची मुदत संपते, हे तिसरं. याला मात्र आधार आहे. गावसभा घ्यायची, दोनदा-तीनदा जायचं, लोकांना आपसात बोलू द्यायचं, यात महिने जातात. त्यावर उपाय म्हणजे निधी देणाऱ्यांनी ते महिने मोजून पैसे द्यावेत.

चौथ्या आक्षेपाला मी जास्त मान देतो. रुग्णांच्या संघटना औषध कंपन्यांच्या पैशावर चालू लागल्या की त्यांचा आवाज कंपनीचा होतो, असं म्हणतात, आणि परदेशात याची उदाहरणं आहेत. शिवाय संघटनेत पुढे येतो तो थोडा शिकलेला, तालुक्याला राहणारा, मोटारसायकल असलेला पुरुष. मोलगीच्या पलीकडच्या पाड्यावरची बाई येत नाही. हे दोष खरे आहेत, म्हणूनच पैसा कुठून आला ते जाहीर असावं आणि जागा ठरवताना निम्म्या बायका, काही जण डोंगरातले, काही जण स्वतः रुग्ण अशी अट हवी. दोष आहेत म्हणून खुर्चीच द्यायची नाही, हे काही उत्तर झालं नाही.

आपल्याच राज्यात याचा पाया घातलेला आहे. नागपूरचे संपत रामटेके स्वतः एका सिकलसेलग्रस्त मुलाचे वडील. त्यांनी रुग्णांना एकत्र केलं, वर्षानुवर्षं सरकारचे उंबरे झिजवले. २०१८ साली त्यांच्या कामाला पद्मश्री मिळाली. हिमोफिलियाच्या रुग्णांनी तर १९८३ पासून देशभर संघटना उभी केलीय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आले त्यामागे अशा लोकांचा रेटा होता. विदर्भात जे झालं ते खान्देशात अजून तेवढं झालेलं नाही, आणि मला याची खंत वाटते. इथे आजार आहे, वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, विद्यापीठ आहे. रुग्णांचा एकत्र आवाज अजून पुरेसा नाही.

नियमांतही जागा आहे. २०१९ च्या औषध चाचण्यांच्या नियमांप्रमाणे संशोधनाला परवानगी देणाऱ्या प्रत्येक नैतिकता समितीत एक सर्वसामान्य माणूस, म्हणजे वैद्यकाबाहेरचा सदस्य, असावाच लागतो. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत समाजाशी आधी बोलण्याचा, लाभ वाटून घेण्याचा आणि आदिवासींसारख्या गटांची जास्त काळजी घेण्याचा आग्रह आहे. मग खान्देशात सिकलसेलवरचा प्रस्ताव आला की ती खुर्ची सिकलसेलच्या घरातल्या माणसाला का मिळू नये? बैठकीचे कागद आठवडाभर आधी मराठीत द्या, पावरी-भिलोरी बोलणारा दुभाषी द्या, येण्या-जाण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी त्याच दिवशी हातात द्या. आणि अभ्यास संपला की नियतकालिकात छापून येण्याआधी पाड्यावर जाऊन निकाल सांगा. हे करायला नवा कायदा लागत नाही.

घाई एवढ्यासाठी की पुढचा टप्पा फार मोठा आहे. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने सिकलसेलवरच्या क्रिस्पर, म्हणजे जनुकात नेमका बदल करणाऱ्या तंत्राच्या, जनुकोपचाराला मान्यता दिली. रुग्णाच्या मज्जापेशी बाहेर काढून त्यांत बदल करायचा, म्हणजे बाळ पोटात असताना जे हिमोग्लोबिन बनतं ते पुन्हा बनू लागतं, आणि त्या पेशी परत सोडायच्या. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी जनुक-संशोधन संस्थेत स्वस्त स्वदेशी पर्यायावर काम चालू आहे, आणि त्याची आशा मलाही आहे. पण बदललेल्या पेशी सोडण्याआधी जुनी मज्जा मोठ्या मात्रेच्या केमोथेरपीने रिकामी करावी लागते आणि त्यात मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. सतरा-अठरा वर्षांच्या पावरा मुलीला आणि तिच्या आईला हे कोण सांगणार, कुठल्या भाषेत, किती वेळा? उपचारानंतर वर्षानुवर्षं तपासणीला यायचं तर धडगावहून कोण नेणार? चाचणी संपल्यावर औषध बाजारात आलं तर ज्या पाड्यांनी शरीरं दिली तिथे ते मिळणार का, आणि हे आधी कागदावर लिहून देणार का? या प्रश्नांची यादी रुग्णांनी आणि त्यांच्या आयांनी करायची आहे, चाचणीचा आराखडा लिहिला जाण्याआधी. धुळे, नंदुरबार आणि जळगावच्या महाविद्यालयांनी त्यासाठी पहिली बैठक याच वर्षी बोलवावी, धडगावात बोलवावी, आणि ऊसतोडीला माणसं निघण्याआधीची तारीख धरावी.